मेल परत आला नाही, म्हणून पोचला असं नाही

सप्टेंबर उजाडला की शनिवार पेठेतल्या सोसायट्यांमध्ये एक वाद हमखास होतो. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आणि तिची नोटीस किमान १४ पूर्ण दिवस आधी सभासदांना द्यायची, हा नियम. वाडे पाडून उभ्या राहिलेल्या या इमारतींमधले बरेच सभासद आता पेठेत राहत नाहीत. कुणी कोथरूडला, कुणी बाणेरला, कुणी न्यू जर्सीत. मग सेक्रेटरी नोटीस मेलने धाडतात. सभेत एक सभासद उठून म्हणतात, ‘मला नोटीस मिळालेलीच नाही.’ सेक्रेटरींचं उत्तर तयार असतं, ‘मेल परत आलेला नाही, म्हणजे तो पोचला.’

दोघंही खरं बोलत असतात. मेल परत आलेला नसतो आणि मिळालेलाही नसतो. हाच घोळ अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांकडे प्रुफांच्या बाबतीत होतो, दिवाळी अंकांच्या संपादकांकडे लेखांच्या बाबतीत होतो, सीएच्या ऑफिसात कागदपत्रांच्या बाबतीत होतो. ‘परत आला नाही’ या तीन शब्दांवर माणसं फार मोठी भिस्त ठेवतात. ती का ठेवू नये आणि तिच्याऐवजी काय करावं, त्यासाठी हा लेख.

आधी मेल कसा जातो ते पाहू. तुम्ही ‘सेंड’ दाबलं की मेल तुमच्या सेवेच्या सर्व्हरवर येतो. तो सर्व्हर पत्त्यातल्या ‘अ‍ॅट’नंतरच्या नावावरून समोरचा सर्व्हर शोधतो आणि त्याच्याशी बोलणं सुरू करतो. पाठवणारा अमुक, घेणारा तमुक, मजकूर हा. समोरचा सर्व्हर प्रत्येक वाक्याला तीन आकडी उत्तर देतो. २५० म्हणजे ठीक. पाचाने सुरू होणारा आकडा म्हणजे कायमचा नकार. ५५० हा त्यातला सगळ्यांत ओळखीचा, बहुतेक वेळा ‘असा पत्ता इथे नाही’ या अर्थाचा. चाराने सुरू होणारा म्हणजे ‘आत्ता नाही, थोड्या वेळाने या’. दारातच नकार मिळाला, तर तुमचा स्वतःचा सर्व्हर तुम्हाला ‘मेलर-डीमन’च्या नावाने कळवतो की मेल गेला नाही. आपण ज्याला बाउन्स म्हणतो, तो बहुतेक वेळा हाच असतो. लिहिणारा तुमच्याच बाजूचा, म्हणून भरवशाचा.

पण एकदा २५० मिळाला की तुमच्या सर्व्हरचं काम संपलं. पोस्टमनने वाड्याच्या दर्शनी बिऱ्हाडात पाकीट देऊन सही घेतली की त्याची जबाबदारी जशी संपते, तशीच ही. ते पाकीट पुढे मागच्या चौकातल्या माणसाच्या हाती पडलं, कुणाच्या रद्दीत गेलं की दुसऱ्याच जोशींनी उघडलं, हे पोस्टमनला कळायला मार्ग नाही. ते सांगणं दर्शनी बिऱ्हाडाच्या मर्जीवर.

मुळात नियम असा मर्जीचा नव्हता. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२मध्ये मेलच्या देवाणघेवाणीचे जे नियम लिहिले, त्यांचा रोख स्पष्ट होता. मेल स्वीकारला की जबाबदारी स्वीकारली. पुढे तो पोचवता आला नाही, तर पाठवणाऱ्याला कळवायचं. त्या काळी मेल वापरणारे मोजके लोक होते, विद्यापीठांतले आणि संशोधन संस्थांतले. पाठवणाऱ्याचं नाव खोटं असेल, असं कुणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं.

हा सद्भाव स्पॅमने मोडला. मेलवर पाठवणाऱ्याचा पत्ता काय घालायचा, हे पाठवणाराच ठरवतो. तिथे वाटेल त्याचा पत्ता घालता येतो. ऑगस्ट २००३मध्ये सोबिग-एफ नावाच्या व्हायरसने नेमकं हेच केलं. ज्यांनी काही पाठवलंच नव्हतं, त्यांच्या नावाने तो जगभर मेल सोडत सुटला. प्रामाणिक सर्व्हरांनी नियमाप्रमाणे ते परत केले आणि परतीच्या मेलांचा ढीग निरपराध माणसांच्या इनबॉक्समध्ये येऊन पडला. दुसरा त्रास वेगळाच होता. स्पॅम पाठवणारे अंदाजाने हजारो पत्ते ठोकून पाहत. जे परत येत नाहीत ते खरे, अशी त्यांची यादी तयार होई. म्हणजे बाउन्स ही चोरासाठी खबर ठरू लागली. मग व्यवस्थापकांनी हात आखडता घेतला. ऑक्टोबर २००८च्या सुधारित नियमांत तर मेल गंभीर स्वरूपाचा फसवा असल्याची पक्की खात्री असेल, तर तो न कळवता टाकून द्यायला वाव ठेवला आहे. पक्की खात्री म्हणजे किती, हे ज्याचं त्याने ठरवायचं. खरी गोम इथेच आहे. ६० सभासदांना एकाच वेळी गेलेली, मोठी पीडीएफ जोडलेली, विषयात ‘अत्यंत तातडीचे’ लिहिलेली तुमची नोटीस एखाद्या यंत्राला कशी दिसत असेल, याचा विचार करून पाहा.

आता गप्प राहणारे मेल जातात कुठे, ते पाहू. सगळ्यांत जास्त जातात ते स्पॅममध्ये. सर्व्हरच्या हिशेबाने हा मेल पोचलेला असतो, त्यामुळे परत येण्याचा प्रश्नच नाही. जीमेल स्पॅममधले मेल ३० दिवसांनी आपोआप पुसतं, म्हणजे महिन्याभराने शोधायला गेलात तर पुरावाही हाती लागत नाही. तुम्हाला कुणी ‘ब्लॉक’ केलं असेल, तरी जीमेलमध्ये तुमचा मेल मुकाट स्पॅममध्ये जातो, तुम्हाला काही कळत नाही. मोठ्या कंपन्यांच्या मेल व्यवस्थेत ‘क्वारंटाइन’ नावाची आणखी एक खोली असते. तिथे अडकलेला मेल ज्याच्यासाठी होता, त्याच्या स्पॅममध्येही दिसत नाही. हिंजवडीतल्या कंपनीत काम करणाऱ्या सभासदाने सोसायटीला ऑफिसचा पत्ता दिला असेल, तर ही शक्यता आधी तपासा. त्याने नोकरी बदलली असेल तर तो पत्ता दुसऱ्याकडे वळवलेला असू शकतो. तेव्हा तुमची नोटीस कुणी अनोळखी मॅनेजर वाचून पुसून टाकत असेल.

दुसरं ठिकाण म्हणजे भलताच माणूस. आपल्याकडे आडनावं मोजकी आणि नावंही ठरावीक. एका नाव-आडनावाची माणसं एका पेठेतसुद्धा दोन-चार सापडतात, मग जीमेलवर किती असतील? म्हणून पत्त्यात नावापुढे जन्मसाल किंवा गाडीचा नंबर येतो. सभासद नोंदवहीतून तो पत्ता उतरवून घेताना शेवटचे दोन आकडे सुटले, तर मेल दुसऱ्याच कुलकर्ण्यांना जातो. तो पत्ता खरा, चालू, भरलेला. बाउन्स कशाला येईल? याहूचंही तसंच. एकाच नावाचं खातं ‘याहू डॉट कॉम’वर एकाचं आणि ‘याहू डॉट को डॉट इन’वर दुसऱ्याचं असू शकतं. जीमेलमध्ये नावातल्या टिंबांना मात्र काही अर्थ नाही. टिंब घाला वा गाळा, मेल एकाच खात्यात जातो. टिंबांवरून वाद घालणाऱ्या सभासदाला हे शांतपणे सांगावं आणि आकडे तपासावेत.

‘अ‍ॅट’नंतरच्या नावात चूक झाली तर प्रकरण आणखी गंभीर. जीमेलच्या स्पेलिंगमधली अक्षरं उलटसुलट केलेली नावं लोकांनी कधीच नोंदवून ठेवली आहेत. त्यामागे सर्व्हर असेल, तर तो येईल ते आत घेऊ शकतो. या चुकीचं जगातलं गाजलेलं उदाहरण २०२३मधलं आहे. अमेरिकी लष्कराचे पत्ते ‘डॉट मिल’ने संपतात आणि आफ्रिकेतल्या माली देशाचे ‘डॉट एमएल’ने. मधला एक ‘आय’ गाळणाऱ्यांचे मेल मालीच्या नावांकडे जात होते. मालीच्या डोमेनचं काम पाहणाऱ्या एका डच उद्योजकाने ते जानेवारी २०२३पासून साठवले. जुलैमध्ये बातमी फुटली तेव्हा आकडा १,१७,००० च्या आसपास होता. लष्करासारख्या शिस्तीच्या खात्यात हे वर्षानुवर्षं चालू राहिलं, तर सोसायटीच्या वहीचं काय घेऊन बसलात!

जुन्या नोंदवह्यांत, जुन्या व्हिजिटिंग कार्डांवर ‘पीएन-२’ किंवा ‘पीएन-३ डॉट व्हीएसएनएल’ अशा धाटणीचे पत्ते अजून दिसतात. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्यानंतरच्या वर्षांतले हे पुण्याचे पत्ते. ती कंपनी २००२मध्ये टाटांकडे गेली, २००८मध्ये तिचं नावही बदललं. असा पत्ता यादीत दिसला तर त्यावर प्रयोग करत बसू नका, सरळ फोन करा.

पेठेतल्या दुकानदारांना, प्रकाशकांना आणि वधूवर सूचक केंद्रांना यापेक्षा एक वेगळाच सापळा आहे. तो सांगायला मी जरा जास्त जागा घेतो, कारण वेबसाइट बनवून देणारे तो क्वचितच सांगतात. समजा, तुमच्या नावाची वेबसाइट आहे आणि तिच्याच होस्टिंगवर तुमचे मेलही येत होते. पुढे कुणाच्या सल्ल्याने मेल गूगलच्या किंवा झोहोच्या सेवेकडे हलवले. बाहेरच्यांचे मेल नव्या जागी नीट येऊ लागतात. पण वेबसाइटवरचा ‘संपर्क साधा’ हा फॉर्म जुन्या होस्टिंगवरच चालतो. त्या सर्व्हरला वाटतं, या नावाचे मेल अजून आपल्याच घरचे. तो फॉर्मचा मेल बाहेर पाठवतच नाही. आपल्याच पोटातल्या जुन्या, कुणी न उघडणाऱ्या खात्यात टाकून मोकळा होतो. त्याच्या दृष्टीने मेल पोचला. गिऱ्हाईक पुस्तकांची मागणी नोंदवून वाट बघतं, तुम्ही म्हणता वेबसाइटचा काही उपयोग नाही. उपाय लहान आहे. होस्टिंग ‘सी-पॅनेल’चं असेल तर त्यात ‘ईमेल राउटिंग’ असा भाग असतो. तिथे ‘लोकल’ असेल तर ‘रिमोट’ करायचं. होस्टिंगवाल्याला फोनवर एवढंच सांगितलं तरी त्याला कळतं.

तिथेच ‘डीफॉल्ट अ‍ॅड्रेस’ हा भाग पाहा. तुमच्या डोमेनवर अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर मेल आला तर काय करायचं, हे तिथे ठरतं. एक पर्याय त्रुटी कळवून नाकारण्याचा. दुसरा मुकाट टाकून देण्याचा, आणि त्याचं यंत्रातलं नाव ‘ब्लॅकहोल’ असंच आहे. हा दुसरा लावलेला असेल, तर ‘संपादक’ऐवजी ‘संपदक’ असं टंकलेल्या लेखकाचा लेख कुठेच जात नाही आणि त्यालाही कळत नाही. पहिला पर्याय लावा. चुकीच्या पत्त्याला तोंडावर नाही म्हणणं ही पाठवणाऱ्याची सोय आहे.

वेबसाइटवरून किंवा हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून जाणाऱ्या मेलांत आणखी एक खुबी असते. मेलला दोन ‘पाठवणारे’ असतात. एक वाचणाऱ्याला दिसतो तो आणि दुसरा, परतीसाठी यंत्र वापरतं तो. बाउन्स नेहमी दुसऱ्याकडे जातो. सॉफ्टवेअरने तिथे स्वतःचा पत्ता किंवा ‘नो-रिप्लाय’ घातला असेल, तर बाउन्स येतात, पण तुमच्याकडे नाही. बिलं पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये परतीचा पत्ता कोणता आहे, हे एकदा विचारून घ्या. शिवाय बाउन्स हाही शेवटी एक मेलच. तो स्वतः हरवला तर त्याचा बाउन्स निघत नाही. तसा निघाला असता तर दोन सर्व्हर एकमेकांना परतीचे मेल पाठवत बसले असते, म्हणून नियमानेच तो बंद आहे. तेव्हा ‘परत आला नाही’ म्हणण्याआधी आपल्या स्पॅममध्ये ‘मेलर-डीमन’ शोधून पाहावं. बऱ्याचदा तो तिथेच सापडतो.

उशीर हा वेगळा मुद्दा. समोरचा सर्व्हर बंद असेल, किंवा ‘थोड्या वेळाने या’ म्हणत असेल, तर तुमचा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. नियमांप्रमाणे चार-पाच दिवस तरी करावा अशी अपेक्षा आहे. काही सेवा एका दिवसात हात टेकतात. जीमेल साधारण दिवसाभराने ‘अजून गेला नाही, प्रयत्न चालू आहे’ असं कळवतं आणि त्यानंतरही प्रयत्न सोडत नाही. १४ दिवसांच्या नोटिशीच्या हिशेबात हे दिवस धरा. सभेच्या पंधरा दिवस आधी मेल पाठवला आणि अकरा दिवस आधी बाउन्स आला, तर कागद घेऊन धावायलाही मुदत उरत नाही. नोटीस तीन आठवडे आधी पाठवली, तर चुकलेले पत्ते निस्तरायला आठवडा मिळतो.

आणि कधी कधी मेल तुमच्या फोनमधून निघालेलाच नसतो. जीमेलच्या अ‍ॅपमध्ये मेलवर ‘क्यूड’ असं लिहिलेलं दिसलं, तर तो अजून आउटबॉक्समध्ये आहे. ‘सेंट’मध्ये दिसेपर्यंत पाठवला असं म्हणू नये. अटॅचमेंटच्या वजनाचाही विचार हवा. जीमेलची मर्यादा २५ एमबी, पण जोडलेली फाइल प्रवासासाठी बदलली जाते आणि तिचं वजन सुमारे एक तृतीयांशाने वाढतं. समोरच्या सर्व्हरची मर्यादा कमी असेल, तर तुमच्याकडून सुटलेलं प्रूफ तिथे अडतं. मोठी फाइल ड्राइव्हवर ठेवून दुवा पाठवणं बरं.

घेणाऱ्याच्या बाजूलाही एक जुनं दुखणं आहे. ऑफिसातल्या कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर आउटलुक चालू असतं आणि ते ‘पॉप’ पद्धतीने मेल स्वतःकडे ओढून घेऊन सर्व्हरवरून पुसतं. मालक फोनवर बघतात, इनबॉक्स रिकामा. मेल आलेला असतो, फक्त त्या संगणकात. कुणी ‘तुमचे मेल मधूनच गायब होतात’ म्हटलं, तर आधी हा संगणक शोधा.

या सगळ्यात लोकांची अपेक्षा चुकते ती व्हॉट्सअ‍ॅपमुळे, असं मला वाटतं. निळ्या खुणांची सवय लागली आणि मेलनेही तसंच सांगावं असं वाटू लागलं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दोन्ही टोकांना एकच कंपनी आहे, म्हणून ती सांगू शकते. मेल दोन परक्या सर्व्हरांमधला व्यवहार आहे. मेल उघडल्याची खूण देणारी साधनं विकत मिळतात, पण ती मेलमधल्या अदृश्य चित्रावर चालतात. चित्र उतरवलं गेलं की मेल उघडला, असा त्यांचा हिशेब. अ‍ॅपलने सप्टेंबर २०२१पासून अशी चित्रं आपणहून आधीच उतरवण्याची सोय दिली, त्यामुळे न उघडलेला मेलही ‘उघडला’ दिसू शकतो. या साधनांवर पैसे घालवू नयेत.

मग भरवसा कशावर ठेवायचा? माणसाच्या उत्तरावर. मेलच्या पहिल्याच ओळीत लिहा, ‘मिळाल्याचं एका शब्दात कळवावं, अमुक तारखेपर्यंत कळवलं नाही, तर आम्ही फोन करू.’ आणि त्या तारखेला खरंच फोन करा. याला माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००चा आधारही आहे. त्याच्या बाराव्या कलमात पोच कशी द्यायची ते आहे. पद्धत ठरलेली नसेल तर कुठल्याही रीतीने दिलेली पोच, अगदी वागण्यातून दिसलेलीही, चालते. तेराव्या कलमात मेल ‘मिळाला’ कधी हे सांगितलं आहे. माणसाने एक पत्ता नेमून दिला असेल, तर मेल त्या पत्त्याच्या यंत्रणेत शिरला की मिळाला. नेमून दिलेला सोडून त्याच्या दुसऱ्या पत्त्यावर पाठवलात, तर त्याने तो प्रत्यक्ष उघडून घेतला तेव्हा मिळाला. म्हणून सभासदाकडून ‘नोटिशीसाठी माझा पत्ता हा’ असं सहीनिशी लिहून घेणं सोसायटीच्या हिताचं. ते अर्ज दर वर्षी सभेतच भरून घ्यावेत आणि पत्ता ज्याचा त्याने मोठ्या अक्षरांत लिहावा. वाद कोर्टाच्या दिशेने जातोय असं दिसलं, तर मेलवर विसंबू नका. कागद हातोहात देऊन सही घ्या.

यादी मोठी असेल तर सगळ्यांना एका बीसीसीत कोंबू नका. वीस-वीसचे गट करा, विषयात सोसायटीचं नाव आणि सभेची तारीख घाला, दोन ओळी तरी साध्या मजकुराच्या लिहा. नुसती पीडीएफ जोडलेला कोरा मेल यंत्राला संशयास्पद वाटतो. जीमेलच्या मोफत खात्यातून दिवसाला सुमारे ५०० जणांपर्यंतच मेल जातात, हेही लक्षात असू द्या. आपला मेल स्पॅममध्ये पडतो का हे पाहायचं असेल, तर आधी एक प्रत वेगळ्या सेवेवरच्या खात्याला पाठवा. जीमेलवरून स्वतःच्याच जीमेलला पाठवून काही सिद्ध होत नाही. तुमच्या स्वतःच्या डोमेनवरून मेल जात असतील, तर होस्टिंगवाल्याला ‘एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क लावलंय का’ हे तीनच शब्द विचारा. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलं आहे. तुमचे दिवसाला पन्नासच जात असले, तरी ते लावलेल्याचा मेल आत जाण्याची शक्यता जास्त.

बाउन्स आलाच, तर तो रागाने पुसू नका; आतला आकडा वाचा. ५.१.१ असेल तर पत्ताच नाही, स्पेलिंग तपासा. २.२ने संपणारा असेल तर समोरचं खातं भरलंय. गूगलचे मोफत १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असतात आणि नातवंडांचे व्हिडिओ साठवणाऱ्या आजोबांचं खातं भरायला वेळ लागत नाही. त्यांना फोन करून जागा मोकळी करायला सांगा, मग पुन्हा पाठवा. ५.७ने सुरू होणारा असेल, तर नकार तुमच्या मेलला किंवा तुमच्या सर्व्हरला आहे. अशा वेळी तोच मेल चार वेळा पाठवला तर संशय वाढतो. तिथेच थांबा, होस्टिंगवाल्याला तो बाउन्स जसाच्या तसा धाडा आणि त्या सभासदाची नोटीस दाराखालून सरकवून या.